विदूषकाची सवलत

संस्कृत नाटकातल्या विदूषकाला राजदरबारात एक सवलत असे. जे सांगायला प्रधान कचरतो आणि सेनापती धजत नाही, ते विदूषकाने मोदकाची आठवण काढता काढता सहज सांगून टाकावे, राजाने हसावे, प्रेक्षकांनी हसावे आणि कोणी कोणाचा राग मानू नये, असा तो अलिखित करार होता. आपल्या तमाशातल्या सोंगाड्याने हाच करार पुढे चालविला. वगातल्या राजाला तो भर दरबारात दोन खडे बोल सुनावतो आणि ते बोल राजाच्या मुकुटावरून घरंगळत पुढच्या रांगेत बसलेल्या गावच्या पाटलाच्या फेट्यावर नेमके जाऊन पडतात. पाटील हसतो. हसण्यावाचून त्याला गत्यंतरच नसते. कारण रागावला, तर बोल आपल्यालाच लागला हे कबूल केल्यासारखे होते!

परंतु कोणतीही सवलत फुकट मिळत नाही. विदूषकाला वाटेल ते बोलता येते, कारण त्याच्या बोलण्याला कोणी पुरावा मानीत नाही. थट्टेची ही किंमत कालिदासाने ‘शाकुंतला’त किती मार्मिकपणे दाखविली आहे पाहा. दुष्यंत शकुंतलेवरचे आपले प्रेम विदूषकापाशी बोलून बसतो आणि हा अंतःपुरात जाऊन बोलेल या धास्तीने, ते सारे थट्टेतले होते असे त्याला बजावून ठेवतो. पुढे शकुंतलेला नाकारून पश्चात्तापात बुडालेला राजा जेव्हा, तू मला आठवण का दिली नाहीस, असे विचारतो, तेव्हा विदूषक त्याला त्याच्याच शब्दांची आठवण करून देतो. थट्टेचा शिक्का एकदा बसला की खऱ्या गोष्टीचेही वजन जाते, ते असे.

मग राज्यकर्त्यांवर हसविणाऱ्याचे नेमके सामर्थ्य ते कोणते? लोक त्याला हसतात, पण त्याचे ऐकतात का? हा प्रश्न अलीकडच्या काळात ज्याच्या कारकिर्दीवरून स्वच्छपणे तपासून पाहता येतो, असा विनोदकार म्हणजे अमेरिकेतला जॉन स्टुअर्ट.

स्टुअर्टचा जन्म १९६२ साली न्यूयॉर्कमध्ये झाला आणि बालपण शेजारच्या न्यू जर्सी राज्यात गेले. १९८४ मध्ये मानसशास्त्राची पदवी घेऊन तो कॉलेजातून बाहेर पडला, आणि मग पदवीधरांच्या नशिबी जे येते ते त्याच्याही आले. कुठे दारूच्या गुत्त्यात पेले भर, कुठे अपंग मुलांपुढे बाहुल्यांचे खेळ कर, अशी फुटकळ कामे त्याने केली. १९८६ मध्ये तो न्यूयॉर्कला आला आणि एकट्याने माईकसमोर उभे राहून लोकांना हसविण्याच्या धंद्यात, म्हणजे ज्याला स्टँड-अप म्हणतात त्यात, पडला. ‘कॉमेडी सेलर’ या नावाप्रमाणेच तळघरात असलेल्या एका क्लबात त्याला रोजची जी वेळ मिळे, ती रात्री दोनच्या सुमाराची!

या रात्री दोनच्या वेळेला मी फार महत्त्व देतो. नाटकातल्या नटाला प्रकाश, पडदा, संगीत आणि लेखक यांचा आधार असतो. तळघरातल्या या एकांड्या शिलेदाराला आधार कसलाच नाही. समोर पेंगुळलेले, थोडे झिंगलेले, घरी जाण्याच्या बेतात असलेले मूठभर श्रोते असतात आणि त्यांच्यापैकी कोणीही त्याचे हसणे देणे लागत नाही. अशा श्रोत्यांपुढे पोकळ शब्द एक क्षण टिकत नाही. स्टुअर्टने तेथे आपल्या ठेंगणेपणाची, आपल्या ज्यू असण्याची, आपल्या फजितीची थट्टा केली. जो स्वतःला प्रथम हसतो त्याला पुढे दुसऱ्यांना हसण्याचा अधिकार मिळतो, हा विनोदाचा जुना कायदा आहे. आणि पोकळ शब्द कसा वाजतो हे ज्याच्या कानाने रोज रात्री ऐकले आहे, त्याला पुढे मंत्र्यांच्या भाषणातला पोकळ शब्द ओळखायला कितीसा वेळ लागणार?

१९९३ मध्ये त्याला एमटीव्ही या वाहिनीवर स्वतःचा गप्पांचा कार्यक्रम मिळाला. तो १९९५ मध्ये बंद पडला. पुढे जानेवारी १९९९ मध्ये ‘द डेली शो’ त्याच्याकडे आला. बातम्यांच्या नकलेचा हा कार्यक्रम १९९६ पासून चालू होता. त्याचा पहिला निवेदक क्रेग किलबॉर्न. त्या काळी तेथे थट्टा होई ती बहुधा नटनट्यांची आणि विक्षिप्त माणसांची. स्टुअर्टने नकलेचा सारा साज तसाच ठेवला; ते टेबल, तो कोट-टाय, ते गंभीर चेहऱ्याचे खोटे वार्ताहर! बदलला तो फक्त नेम. दुबळ्यांवरची नजर काढून त्याने ती सत्तेवर आणि सत्तेची बातमी देणाऱ्यांवर रोखली.

त्याची पद्धत वरवर पाहता अगदी साधी. पुढाऱ्याचे आजचे बोलणे घ्यावे, त्याच पुढाऱ्याचे जुने बोलणे शोधून काढावे, आणि दोन्ही एकापुढे एक दाखवून आपण स्वस्थ बसावे. याचा उत्तम नमुना म्हणजे एप्रिल २००३ मधला ‘बुश विरुद्ध बुश’ हा वाद. इराकवर नुकतीच स्वारी झाली होती. स्टुअर्ट मध्यस्थाच्या खुर्चीत बसला. वादाच्या एका बाजूला २००० सालच्या निवडणुकीत उभे असलेले गव्हर्नर बुश, परदेशात जाऊन राष्ट्रे उभारून देणे हे अमेरिकेचे काम नव्हे असे सांगणारे. आणि दुसऱ्या बाजूला २००३ सालचे राष्ट्राध्यक्ष बुश, नेमके तेच काम हाती घेतलेले. सारी दृश्ये खरी, सारे शब्द बुश यांचेच. विनोदकाराने पदरचे काही घातले असेल तर ते भुवई उंचावणे! अतिशयोक्ती हे विडंबनाचे नेहमीचे हत्यार. परंतु येथे हत्यार आहे ते स्मरणशक्तीचे. दुष्यंताच्या विदूषकाने जे केले नाही ते हा विदूषक करतो. तो राजाला आठवण देतो, आणि तीही सगळ्या प्रजेच्या समोर.

यश भरभरून आले. २००३ ते २०१२ अशी ओळीने दहा वर्षे या कार्यक्रमाला एमी पारितोषिक मिळाले. स्टीफन कोलबेअर, जॉन ऑलिव्हर, समँथा बी यांच्यासारखे शिष्य तेथे तयार झाले आणि पुढे त्यांनी आपापले फड उभे केले. २००७ मध्ये प्यू या संस्थेने लोकांना विचारले की, तुम्हांला सर्वांत आदर कोणत्या पत्रकाराविषयी वाटतो. तर नावाजलेल्या वृत्तनिवेदकांच्या बरोबरीने चौथ्या जागी नाव आले ते या खोट्या वृत्तनिवेदकाचे. आता हा मान विनोदाचा की अपमान पत्रकारितेचा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

परंतु येथेच विदूषकाच्या सवलतीचा प्रश्न उभा राहतो. १५ ऑक्टोबर २००४ रोजी स्टुअर्ट सीएनएन वाहिनीवरच्या ‘क्रॉसफायर’ या कार्यक्रमात पाहुणा म्हणून गेला. एक उजवा आणि एक डावा अशा दोन पैलवानांची रोज झुंज लावून देण्याचा तो कार्यक्रम. यजमानांना चार विनोद हवे होते. पाहुण्याने त्यांना खडसावले की, तुमची ही लुटुपुटीची भांडणे देशाचे नुकसान करीत आहेत, ती थांबवा. यजमानांपैकी टकर कार्लसन उलटून म्हणाला की, जॉन केरी तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही तरी त्यांना कुठे अवघड प्रश्न विचारलेत? यावर स्टुअर्टचे उत्तर असे की, माझ्या आधीच्या कार्यक्रमात बाहुल्या टेलिफोनवरून लोकांच्या खोड्या काढतात. माझ्याकडून तुम्ही पत्रकारितेची अपेक्षा करता कशी?

उत्तर फक्कड होते. आणि तेवढेच अपुरे. जानेवारी २००५ मध्ये सीएनएनने ‘क्रॉसफायर’ बंद केला आणि वाहिनीच्या प्रमुखाने स्टुअर्टच्या टीकेशी आपण सहमत असल्याचे जाहीरपणे सांगितले. झुंज स्टुअर्टने जिंकली यात शंका नाही. पण ज्याच्या एका वाक्याचा आधार देऊन एका वाहिनीचा प्रमुख आपला निर्णय सांगतो, तो मनुष्य बाहुल्यांच्या आड किती काळ लपणार? बोलताना राजगुरूचा आवाज आणि उत्तर देताना विदूषकाची टोपी, हे दोन्ही एकाच वेळी चालणार नाही. लोक खरे मानतात हे ठाऊक असतानाही ‘मी तर थट्टा करीत होतो’ म्हणणे म्हणजे दुष्यंताचीच पळवाट. स्टुअर्टच्या कलेतली हीच एक उणीव मला सदैव खटकत आली आहे, आणि त्याच्या चाहत्यांनी तिच्यावर पांघरूण घालू नये.

थट्टेची टोपी सीमेपलीकडे चालत नाही, याचा दाखला तर मोठा विदारक आहे. २००९ मध्ये इराणमधील निवडणुकीच्या सुमारास स्टुअर्टचा एक खोटा वार्ताहर तेहरानला गेला आणि हेर असल्याची बतावणी करीत त्याने माझियार बहारी या खऱ्या पत्रकाराची मुलाखत घेतली. त्यानंतर बहारींना अटक झाली, आणि चौकशीत हीच मुलाखत हेरगिरीचा पुरावा म्हणून त्यांच्यापुढे ठेवण्यात आली! ११८ दिवसांनी त्यांची सुटका झाली. अटकेची कारणे अर्थातच दुसरी होती. थट्टेचे ते निमित्त झाले. परंतु स्टुअर्टने या वेळी हात झटकले नाहीत. २०१३ च्या उन्हाळ्यात त्याने कार्यक्रमातून रजा घेतली आणि बहारींच्या बंदिवासावर ‘रोजवॉटर’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. तो २०१४ मध्ये पडद्यावर आला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. उपहासाने वाफ निघून जाते, असे म्हणतात. दिवसभराचा संताप रात्री अकरा वाजता हसून मोकळा झाला की नागरिक सुखाने झोपी जातो आणि राज्यकर्ताही! या आक्षेपाला आधार नाही असे नाही. ३० ऑक्टोबर २०१० रोजी स्टुअर्ट आणि कोलबेअर यांनी वॉशिंग्टनमध्ये ‘सुबुद्धी’साठी मेळावा भरविला. दोन लाखांच्या आसपास माणसे जमल्याचा अंदाज होता. भाषणे झाली, गाणी झाली, हशा झाला. आणि तिसऱ्याच दिवशी झालेल्या निवडणुकीत, स्टुअर्ट ज्यांना रोज कोपरखळ्या मारीत असे त्या पक्षाने प्रतिनिधीगृह जिंकले. मेळाव्यात कोणासाठी मते मागितली नव्हती हे खरे. पण हशा मतपेटीत पडत नाही, हेही तितकेच खरे.

मग या साऱ्या हसण्याची जमा बाजू कोणती? माझे उत्तर असे की, ती शोधायची असेल तर ज्या दिवशी स्टुअर्टने हसविले नाही ते दिवस पाहावेत. न्यूयॉर्कवरच्या हल्ल्यानंतर २० सप्टेंबर २००१ रोजी तो प्रथम प्रेक्षकांसमोर आला, तेव्हा त्याला रडू आवरले नाही. आपल्या घरातून पूर्वी ते मनोरे दिसत, आता तेथून स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा दिसतो, असे त्याने सांगितले. त्या मनोऱ्यांच्या ढिगाऱ्यात काम करून ज्यांची फुप्फुसे निकामी झाली, त्या अग्निशामकांच्या आणि पोलिसांच्या उपचारखर्चाचे विधेयक २०१० च्या अखेरीस सेनेटमध्ये अडले. मोठ्या वाहिन्यांना त्यात फारशी बातमी दिसेना. १६ डिसेंबरला स्टुअर्टने अशा चार आजारी कर्मचाऱ्यांना आपल्या टेबलाभोवती बसविले आणि त्यांना बोलू दिले. २२ डिसेंबरला विधेयक संमत झाले. श्रेय एकट्याचे नव्हे. न्यूयॉर्कचे प्रतिनिधी त्यासाठी वर्षानुवर्षे झटत होते. परंतु दार उघडले ते या धक्क्याने, असे तेव्हा अनेकांनी मान्य केले.

२०१५ मध्ये त्याने ‘द डेली शो’ सोडला; पण ही माणसे सोडली नाहीत. ११ जून २०१९ रोजी तो त्यांच्या बाजूने लोकप्रतिनिधींच्या समितीपुढे साक्षीला गेला. मागे आजारी कर्मचाऱ्यांची दाटी आणि समोर प्रतिनिधींच्या रिकाम्या खुर्च्या! स्टुअर्ट त्या खुर्च्यांवर उसळला, त्याचा कंठ दाटून आला, आणि त्या दिवशी त्याने कोणालाही हसविले नाही. शेजारी बसून साक्ष देणारे निवृत्त पोलीस अधिकारी लुईस अल्वारेझ त्याच महिन्यात वारले. जुलैमध्ये सेनेटने विधेयक ९७ विरुद्ध २ मतांनी मंजूर केले.

उपहासाची किंमत करताना आपण नेहमी, किती पुढारी पडले, किती मते फिरली, असा हिशेब मागतो. तो हिशेब चुकीच्या वहीत मांडलेला असतो. सोळा वर्षे रोज रात्री हा माणूस हसवीत होता तेव्हा त्याच्या नावावर एक ठेव साठत होती. मी तुम्हांला खोटे शब्द दाखवून देईन आणि स्वतः खोटा शब्द वापरणार नाही, असा त्या हशाचा अर्थ प्रेक्षकांनी लावला. म्हणून तो रडला तेव्हा ते रडणे कोणाला नाटकी वाटले नाही, आणि तो ओरडला तेव्हा रिकाम्या खुर्च्यांनाही ऐकू गेले. ही ठेव नेहमी वटते असे नाही. बाहुल्यांच्या आड दडून त्याने ती कधी कधी उधळलीही. २०२४ मध्ये तो दर सोमवारपुरता पुन्हा जुन्या टेबलाशी येऊन बसला, तेव्हा अमेरिकेतले राजकारणच विडंबनासारखे दिसू लागले होते, आणि जेथे मूळच विडंबन होते तेथे विडंबनकाराचे काम अवघड होते.

फराळाच्या ताटाशी बसून दिवाळी अंकातला विनोद वाचणाऱ्या आपल्या घरांना यातून घेण्यासारखे एवढेच आहे. ज्याच्यावर आपण हसतो त्याच्यावर नुसते हसून थांबू नये. आणि जो आपल्याला हसवितो, तो एखाद्या दिवशी हसविण्याचे थांबवून बोलू लागला, तर आज काय झाले आहे ते नीट ऐकावे. विदूषकाला बोलण्याची सवलत राजा देतो. पण त्याचे बोलणे थट्टेवारी जाऊ द्यायचे की नाही, हे प्रेक्षकांच्या हाती असते.