झडपेवरचं पिवळं वाङ्मय

मोटारीच्या सनव्हायझरवर एअरबॅगची जी पिवळी चिठ्ठी चिकटवलेली असते, तिचं परीक्षण कुणी लिहीत नाही. वास्तविक हातभर अंतरावर बांधून बसवलेला वाचक भल्याभल्या कवींना मिळत नाही! तरी आमच्या करावे गावात नवी गाडी आली, की पूजेनंतरचं पहिलं काम ही चिठ्ठी उपटायचं. शोभा जाते म्हणे.

दोष शैलीचा आहे. बाळाच्या खुर्चीवर लाल फुली मारली की लेखक मोकळा. मजकूर मात्र लाखमोलाचा: पुढे एअरबॅग चालू असेल, तर त्या सीटवर पाठमोरी बाळखुर्ची ठेवू नका. पिशवी पापणी लवायच्या आत फुगते आणि खुर्चीच्या पाठीवरच आदळते. पण आमच्याकडे बाळ खुर्चीत असतं कुठे? ते पुढे, आजीच्या मांडीवर! आणि मांडीबद्दल चिठ्ठी चकार शब्द काढत नाही.

चिकटवणाऱ्याला मात्र पैकीच्या पैकी गुण. कापडी झडपेवरून खसकन ओढलीत, तर कापडाची लव घेऊनच येते. हेअर ड्रायरची मंद ऊब द्यावी, डिंक सैलावला की कोपरा मागे दुमडत सावकाश सोलावं. उरलेल्या चिकट्याला स्पिरिटचा बोळा, तोही आधी आडबाजूला लावून बघून. रॉकेल नको, डाग पडतो.

शेजारच्यांनी अशीच अलगद काढली. कापडाला ओरखडा नाही. त्याच जागी आता एकवीरा आई आहे, आणि नातू अजून पुढेच बसतो.