एका ओळीत एकच दुवा

हौसेला मोल नसतं म्हणतात. 'जेमिनी'वर ते खरोखरच नसतं. २०१९ साली निघालेली इंटरनेटच्या गावातली ही चिमुकली आळी. इथे कुकीज नाहीत, मजकुरात मध्येच चित्रं नाहीत. दुवा द्यायचा तर स्वतंत्र ओळीवर, वाक्याच्या पोटात नाही. आम्हा खतावणीवाल्यांना हे भारी आवडलं. एक ओळ, एक नोंद! पोर्टचा क्रमांकही १९६५, म्हणजे जेमिनी यानातून पहिल्यांदा माणसं अंतराळात गेली ते साल.

पण दोषही सांगितला पाहिजे. मी चाळलेल्या पानांत जेमिनीवर जेमिनीबद्दलच फार. भजनी मंडळात अभंग राहिला बाजूला आणि चर्चा टाळ-मृदंगाची! मीही चार रविवार खपून एक पान उभारलं. लिहिलं काय? तर पान कसं उभारलं! सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, पण तुम्हांला सांगायचं काय होतं?"

पाचव्या रविवारी वडिलांची खर्चाची वही उतरवली. 'दूध, रॉकेल. चिरंजीवांस ताप. औषध उधार.' भाच्याने ते बहिणीला वाचून दाखवलं. तिचा फोन आला, "दादा, तो ताप मला आठवतो रे."

तेव्हा आळी झकास आहे. फक्त राहायला जाताना थोडं सामान घेऊन जावं, इतकंच.