स्मारक आणि साधन : कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाच्या पुनर्बांधणीचा सांस्कृतिक अन्वयार्थ

मराठी रंगभूमीविषयीचे समीक्षालेखन संहिताकेंद्री राहिले आहे, ही तक्रार जुनीच आहे. नाटककार, नट, नाटक मंडळ्या आणि त्यांचा काळ यांची विपुल चर्चा झाली. परंतु नाटक ज्या वास्तूत घडते त्या वास्तूकडे समीक्षेने क्वचितच गांभीर्याने पाहिले. नाट्यगृहाचा उल्लेख येतो तो उद्घाटनाच्या तारखेपुरता किंवा गौरवग्रंथातील छायाचित्राखालच्या ओळीपुरता. वास्तविक प्रयोगाची लांबी, नटाच्या आवाजाची पट्टी, नेपथ्याचे आकारमान आणि तिकिटाचा दर या साऱ्या गोष्टी नाट्यगृह ठरवीत असते. मुंबई-पुण्याबाहेरच्या शहरात तर एखादे नाट्यगृहच त्या शहराची रंगभूमी असते. ते बंद पडले की तेथील नाटकही थांबते. दि. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत भस्मसात झाले, तेव्हा हे सत्य प्रकर्षाने समोर आले. दुसऱ्याच दिवशी, 9 ऑगस्टला, ज्यांच्या नावे ही वास्तू ओळखली जाते त्या संगीतसूर्य केशवराव भोसले यांची जयंती होती.

आगीनंतर शहरातून उमटलेली प्रतिक्रिया एकमुखी होती : वास्तू होती तशीच पुन्हा उभी राहिली पाहिजे. शासनाने निधी जाहीर केला आणि पुनर्बांधणी हाती घेण्यात आली. या मागणीमागील भावना प्रामाणिक होती, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु ‘होती तशी’ या शब्दप्रयोगाचा अर्थ नेमका काय, हा प्रश्न त्या भावनेच्या भरात मागे पडला. 1915 साली होती तशी, शताब्दीच्या सुमारास झालेल्या नूतनीकरणानंतर होती तशी, की नाट्यरसिकांच्या आठवणीत आहे तशी? या तीन वास्तू एक नव्हेत. त्यांतील कोणती उभारायची याचे उत्तर वास्तुशास्त्रज्ञ एकटा देऊ शकत नाही. ते शहराला नाटक कशासाठी हवे आहे यावर अवलंबून आहे.

राजर्षी शाहू महाराज 1902 साली युरोपच्या दौऱ्यावर गेले. तेथील रंगमंदिरे आणि रोममधील प्राचीन क्रीडागाराचे अवशेष पाहून त्यांच्या मनात कुस्तीचे मैदान आणि नाट्यगृह यांची कल्पना रुजली, असे परंपरेने सांगितले जाते. 1912 मध्ये खासबागेचे कुस्ती मैदान तयार झाले. त्याला लागूनच 1915 मध्ये ‘पॅलेस थिएटर’ उभे राहिले. नाट्यगृहाची पाठ आणि मैदानाची पाठ एकमेकींना टेकलेली आहे, ही बाब बहुतेक लेखकांनी योगायोगासारखी नोंदवून सोडून दिली. ती तशी सोडून देण्याजोगी नाही. त्या काळी संगीत नाटक हे प्रामुख्याने पांढरपेशा वर्गाच्या अभिरुचीचे क्षेत्र मानले जाई, तर कुस्ती ही बहुजन समाजाची. या दोहोंना एकाच आवारात, एकाच राजाश्रयाने जागा देणे ही सामाजिक कृती होती. सत्यशोधक विचारांना बळ देणाऱ्या आणि 1902 मध्येच मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवणाऱ्या राजाने ती केली, हे लक्षात घेतले म्हणजे या वास्तुरचनेचा आशय अधिक स्पष्ट होतो. तालमीतल्या मातीतून उठून आलेला प्रेक्षक नाटकाच्या दारापर्यंत पायी येऊ शकेल एवढे अंतर तेथे ठेवलेले होते. 2024 च्या आगीत खासबाग मैदानाचे व्यासपीठही जळाले. त्याचा उल्लेख बातम्यांत आला, शोकसभांतून मात्र तो अभावानेच आला.

ज्यांचे नाव या वास्तूला पुढे देण्यात आले ते केशवराव भोसले (1890-1921) या दृष्टीनेही महत्त्वाचे ठरतात. गरिबीतून, औपचारिक शिक्षणाशिवाय, बालनट म्हणून रंगभूमीवर आलेल्या या गायकनटाने ‘शारदा’ नाटकातील शारदेच्या भूमिकेने कीर्ती मिळविली आणि वयाच्या अठराव्या वर्षाच्या आसपास, 1908 मध्ये, हुबळी येथे ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची नाटक मंडळी स्थापन केली. दि. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी झालेला ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग, ज्यात बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर होते, हा मराठी रंगभूमीच्या इतिहासातील बहुचर्चित प्रसंग. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, 4 ऑक्टोबर 1921 रोजी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. केशवरावांची सारी कारकीर्द फिरस्तीची होती. नाट्यगृहाची मालकी त्यांच्याकडे नव्हती. त्यांच्या कंपनीचे घर म्हणजे बिऱ्हाड, पेट्या आणि पडदे. त्या पडद्यांचाही कोल्हापूरशी निकटचा संबंध होता. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या मेस्त्री बंधूंनी नाटक मंडळ्यांसाठी रंगविलेले पडदे त्या काळी गाजले. पुढे याच बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि तिच्यातून बाहेर पडलेल्या मंडळींनी 1929 मध्ये ‘प्रभात’ स्थापन केली. रंगभूमीचा पडदा रंगविणारा हात चित्रपटाकडे वळला तो याच गावात.

फिरत्या मंडळ्यांच्या काळाचा विचार येथे वेगळ्या कारणासाठी करणे आवश्यक आहे. कंपनी एखाद्या गावी आली म्हणजे तिचा मुक्काम आठवडेच्या आठवडे असे. रोज वेगळे नाटक लागे, एकाच नटाला चार भूमिकांत पाहता येई, आणि गावातला रसिक तुलना करू लागे. कोल्हापूर-सांगली परिसराच्या चोखंदळ अभिरुचीचे जे कौतुक केले जाते तिचे मूळ या दीर्घ मुक्कामात आहे. 1843 साली विष्णुदास भावे यांनी सांगली संस्थानच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ सादर केले; 1905 मध्ये मिरजेत बालगंधर्वांनी किर्लोस्कर मंडळींच्या ‘शाकुंतल’मधून पदार्पण केले. या घटना पन्नास-साठ किलोमीटरांच्या टापूत घडल्या, त्यामागे संस्थानिकांचा आश्रय जितका होता तितकाच हा मुक्कामही होता.

आजचा व्यावसायिक प्रयोग याच्या अगदी उलट पद्धतीचा आहे. नाटकाची बस मुंबई किंवा पुण्याहून निघते, दुपारी पोहोचते. नेपथ्य तीन-चार तासांत उभे राहते, रात्री प्रयोग होतो आणि मध्यरात्री सामान गाडीत भरून मंडळी पुढच्या गावाकडे रवाना होतात. नेपथ्यकार अशा दौऱ्यासाठी घडीचे, हलके, कोणत्याही रंगमंचावर बसेल असे नेपथ्य बेततो. परिणामी लहान शहरातल्या प्रेक्षकाला अनेकदा मूळ प्रयोगाची आटोपशीर आवृत्ती मिळते. स्थानिक व्यवस्थापकाच्या दृष्टीने गणित सरळ असते : नाट्यगृहाचे भाडे, जाहिरात, मंडळींचा मुक्काम-भोजन आणि ठेक्याची रक्कम वजा जाता हाती काय राहते. प्रसिद्ध चेहऱ्याशिवाय हे गणित जमत नाही. म्हणून दूरचित्रवाणी मालिकेतील नट असलेले नाटक येते, आणि ज्यात तसा नट नाही ते चांगले नाटक पुण्याच्या पुढे सरकत नाही. रंगमंचाला मागील बाजूने मालमोटार थेट टेकू शकते की नाही, यासारखी क्षुल्लक वाटणारी बाबही कोणते नाटक गावात येईल हे ठरविते.

याउलट हौशी रंगभूमीची गरज वेगळी आहे, आणि कोल्हापूरची खरी नाट्यपरंपरा गेल्या पन्नास वर्षांत हौशी मंडळींनीच चालविली आहे. विंदा करंदीकरांनी अनुवादिलेला ‘राजा लिअर’ ‘प्रत्यय’सारख्या संस्थेने येथे उभा केला तो कोणत्याही व्यावसायिक हिशेबात बसणारा नव्हता. राज्य नाट्य स्पर्धेच्या केंद्रावर दरवर्षी उतरणाऱ्या संस्था, महाविद्यालयांतून होणाऱ्या एकांकिका, शिवाजी विद्यापीठाच्या संगीत व नाट्यशास्त्र अधिविभागातील विद्यार्थी, यांना हवी असते ती दीडशे-दोनशे प्रेक्षकांची, माफक भाड्याची, प्रकाशयोजनेची किमान सोय असलेली जागा. आणि त्याहूनही अधिक, तालमीसाठी सायंकाळी तीन तास मिळेल असे छप्पर. मोठ्या प्रेक्षागृहात शंभर प्रेक्षकांसमोर केलेला प्रयोग नटाचे मनोधैर्य खचवितो, हे हौशी दिग्दर्शकांना अनुभवाने ठाऊक असते. देवल क्लबचे रंगमंदिर किंवा शाहू स्मारक भवन यांनी ही उणीव काही अंशी भरून काढली आहे. तथापि पहिल्याची ओळख मुख्यतः संगीताची आणि दुसऱ्याची सभा-व्याख्यानांची आहे. नाटकासाठी म्हणून बांधलेले छोटे सभागृह ही गोष्ट निराळी.

आता ध्वनीचा प्रश्न. केशवराव भोसले नाट्यगृहाची ख्याती अशी की ध्वनिक्षेपकाशिवाय नटाचा शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचे. या ख्यातीत अभिमानाचा अंश किती आणि वस्तुस्थिती किती याची चिकित्सा कोणी फारशी केली नाही. परंतु त्यामागील तत्त्व समजण्यासारखे आहे. जुन्या वास्तूतील लाकूड, तिचे छताचे माप आणि भिंतींची जाडी यांतून विशिष्ट प्रकारचा अनुनाद निर्माण होतो. गायनाला थोडा लांब रेंगाळणारा नाद मानवतो. गद्य संवादाला मात्र तो आखूड असावा लागतो, नाहीतर शब्द एकमेकांत मिसळतात. संगीत नाटकासाठी बांधलेल्या वास्तूत गद्य नाटक करताना ही तडजोड अटळ असते. दर्शनी भाग दगडाचा जुन्यासारखाच बांधला आणि आतील लाकडाऐवजी पोलाद व ध्वनिशोषक पत्रे आले, तर वास्तू दिसेल तशीच. ऐकू येणार नाही तशी. ‘होती तशी’ या मागणीतला सर्वांत अवघड भाग हाच आहे. छायाचित्रावरून कमान पुन्हा घडविता येते. आवाज मात्र छायाचित्रात उतरत नाही, आणि जुन्या सभागृहाच्या ध्वनीचे पद्धतशीर मापन करून ठेवण्याची सवय आपल्याकडे नाही.

लाकडाचा मोह धरावा तर अग्निसुरक्षेचा प्रश्न उभा राहतो. रंगमंच हा कोणत्याही नाट्यगृहाचा सर्वांत ज्वलनशील भाग : पडदे, दोऱ्या, नेपथ्याच्या चौकटी, दिवे आणि विद्युत्तारा. 1881 मध्ये व्हिएन्नाचे रिंग थिएटर आणि 1903 मध्ये शिकागोचे इरोक्वाय थिएटर जळाले, त्यात शेकडो प्रेक्षक दगावले. या दुर्घटनांनंतर पाश्चात्त्य देशांत रंगमंच व प्रेक्षागृह यांच्यामध्ये अग्निरोधक पडदा, रंगमंचाच्या माथ्यावर धूर बाहेर सोडणारी झडप आणि बाहेरच्या दिशेने उघडणारी दारे यांविषयीचे नियम कडक झाले. भारतात 1997 च्या दिल्लीतील ‘उपहार’ चित्रपटगृहाच्या आगीने 59 बळी घेतल्यावर काही काळ जाग आली. कोल्हापुरातील आग प्रयोग चालू नसताना लागली. हे सुदैव मानून पुढे जाणे सोपे आहे. मात्र त्याच वास्तूत भरलेल्या गर्दीच्या प्रयोगाच्या रात्री काय झाले असते, हा विचार वारसाजतनाच्या चर्चेत अग्रभागी असावयास हवा होता. वारसा आणि सुरक्षितता यांत विरोध मानण्याचे कारण नाही. 1915 च्या उभारणीतही त्या काळातील अद्ययावत तंत्र वापरण्याचीच दृष्टी होती. शाहू महाराजांनी जुन्या वाड्याची नक्कल केली नाही.

येथे गौरवपर लेखनाची एक मर्यादा नोंदविली पाहिजे. या नाट्यगृहावरील बहुतेक लेखन तेथे कोण गाजले याची यादी देते. ज्यांनी पडद्याची दोरी ओढली, दिवे सांभाळले, रंगपटात इस्त्री केली, तिकीटखिडकीवर आराखड्यात खुणा केल्या, त्यांच्याकडील ज्ञान लिखित स्वरूपात जवळजवळ नाही. कोणत्या रांगेत आवाज बुडतो, पावसाळ्यात कोठे गळते, कोणत्या विंगेतून प्रवेश घेतल्यास नट उशिरा दिसतो हे त्यांना ठाऊक असते. पुनर्बांधणीच्या आराखड्यासाठी ही माहिती जुन्या छायाचित्रांपेक्षा अधिक मोलाची आहे. स्थानिक महाविद्यालयांतील मराठी, इतिहास आणि समाजशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन अशा रंगमंच-कामगारांच्या मुलाखतींचे संकलन करणे शक्य आहे. त्यासाठी फार मोठ्या अनुदानाची गरज नाही. विलंब मात्र परवडणारा नाही, कारण त्या पिढीतील अनेक जण आता वृद्ध झाले आहेत.

उरतो तो व्यवस्थापनाचा भाग. पालिकेच्या मालकीच्या नाट्यगृहांत तारखा स्नेहसंमेलने, बक्षीस समारंभ, शासकीय कार्यक्रम आणि राजकीय मेळावे यांच्यात वाटल्या जातात, हे महाराष्ट्रातील कोणत्याही शहराचे चित्र आहे. भाड्याचे उत्पन्न हवे असल्याने व्यवस्थापनाला त्यात गैर वाटत नाही, आणि सभागृह कोणा एकाचे नाही हा युक्तिवादही खोटा नाही. तरीही शनिवार-रविवारच्या सायंकाळी नाटकाला मिळत नसतील तर इमारतीवरील ‘नाट्यगृह’ या शब्दाला अर्थ काय राहतो? कोणत्या वर्षी किती तारखा नाटकाला गेल्या, त्यांतील हौशी किती, व्यावसायिक किती, हे तारखांच्या नोंदवहीतून मोजता येते. नाट्यगृहाच्या समीक्षेचे हे सर्वांत विश्वसनीय साधन आहे, आणि आजवर ते अभ्यासकांनी क्वचितच उघडले. पुनर्बांधणीनंतर पहिल्या बारा महिन्यांची नोंदवही दर तिमाहीला जाहीर करावी, आणि तीत खासबागेच्या मैदानावरील कुस्त्यांच्या तारखाही शेजारच्या रकान्यात असाव्यात.