जनुकीय मुद्रांकनाचा नातेसंबंध-सिद्धान्त : एक चिकित्सा

जनुक मातेकडून आले की पित्याकडून, याने त्याच्या कार्यात फरक पडत नाही, हे मेंडेलीय आनुवंशिकीचे एक मूलभूत गृहीत होय. १९८४ साली केंब्रिज येथे सुरानी व सहकाऱ्यांनी आणि फिलाडेल्फिया येथे मॅकग्राथ व सोल्टर यांनी उंदरांच्या फलित अंडपेशींतील प्राक्‌केंद्रकांची अदलाबदल करून त्याच्या मर्यादा दाखविल्या. दोन्ही गुणसूत्रसंच मातृक किंवा दोन्ही पैतृक असलेले भ्रूण जन्मापर्यंत वाढू शकले नाहीत. काही जनुकांची एकच प्रत अभिव्यक्त होते. दुसरी प्रत डीएनएच्या मिथाइलीकरणासारख्या खुणांमुळे निष्क्रिय राहते.

अशी व्यवस्था उत्क्रांतीत टिकली कशी? डेव्हिड हेग यांच्या मते, मातेची इतर अपत्ये अन्य पित्यांची असू शकतात. म्हणून पैतृक जनुके तिच्याकडून अधिक पोषण ओढून घेण्याच्या, तर मातृक जनुके त्यास आवर घालण्याच्या बाजूने निवडली जातात. उंदरातील पुरावा या मताला अनुकूल आहे. वाढ घडविणारे आयजीएफ-२ हे जनुक पैतृक प्रतीतून व्यक्त होते. ती प्रत निकामी झाल्यास पिल्लाचे वजन सामान्याच्या सुमारे ६० टक्के भरते. त्याच वृद्धिघटकाचा निचरा करणारे आयजीएफ-२-आर मात्र मातृक प्रतीतून व्यक्त होते. इतकी नेमकी जोडी क्वचितच सापडते, आणि अध्यापनात तिचाच आधार घेतला जातो. बहुतेक माणसांत आयजीएफ-२-आरच्या दोन्ही प्रती कार्यरत असतात, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

खरी अडचण प्रेडर-विली विकारात दिसते. यात १५व्या गुणसूत्रावरील पैतृक जनुकांची अभिव्यक्ती लोपते. नवजात बालकास स्तनपान नीट जमत नाही. पुढे तेच मूल अनावर खाऊ लागते. या दोन परस्परविरोधी लक्षणांचा उलगडा हेग व व्हार्टन यांनी २००३ मध्ये असा केला की, दूध मातेचे असल्याने पैतृक जनुके चोखण्यास उत्तेजन देतात. वरचे अन्न मात्र मातेचा भार हलका करते, म्हणून त्याची भूक ती दाबतात. युक्तिवाद चतुर आहे. परंतु विकाराचे वर्णन १९५६ सालीच झाले होते. ज्ञात लक्षणांवर मागाहून बसविलेले स्पष्टीकरण हे भाकीत ठरत नाही. शिवाय कालक्रमही जुळत नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अवस्था-वर्गीकरणानुसार वजन साधारणतः दुसऱ्या वर्षापासून वाढते, पण तेव्हा भूक वाढलेली नसते. ती साडेचार वर्षांच्या सुमारास वाढते आणि अतृप्त भूक आठव्या वर्षाच्या आसपास येते. अंगावरचे दूध तुटण्याचा काळ तोवर बराच मागे पडलेला असतो.

वुल्फ व हेगर यांनी २००६ मध्ये मांडलेला माता-अपत्य सहअनुकूलनाचा पर्याय संघर्षाऐवजी परस्परपूरकता गृहीत धरतो. मातृक अभिव्यक्ती त्यातून समजते. पैतृक आयजीएफ-२चे काय, हे तेथे तितकेसे स्पष्ट होत नाही. पक्ष्यांत आणि अंडी घालणाऱ्या सस्तन प्राण्यांत आयजीएफ-२ मुद्रांकित नसणे, उलट शिशुधानी प्राण्यांत ते असणे, ही निरीक्षणे हेग यांच्याच बाजूची आहेत. सिद्धान्त गर्भपोषणाच्या क्षेत्रात भक्कम आहे. मेंदूत व्यक्त होणाऱ्या मुद्रांकित जनुकांपर्यंत तो त्याच आत्मविश्वासाने ताणण्यास पुरेसा आधार मिळालेला नाही.