‘आलापल्ली’ टाइप करताना

मेकॅनिकल कीबोर्डची परीक्षणं बहुतेक वेळा इंग्रजी टाइप करून लिहिलेली असतात. स्विचचा रंग, आवाजाचं कौतुक, किंमत, संपलं. माझा आक्षेप साधा आहे. मराठीत बोटं वेगळी चालतात, मग स्विचची परीक्षाही वेगळी हवी.

माझ्या गावाचंच नाव घ्या. इनस्क्रिप्टमध्ये ‘आलापल्ली’ला आठ कळा लागतात: आ, ल, काना, प, ल, हलन्त, ल, वेलांटी. ‘आ’साठी शिफ्ट वेगळी. या मांडणीत स्वर आणि हलन्त डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. त्यामुळे ‘प’वरून ‘ल’वर जाणं सोडलं तर हात आळीपाळीने पडतात. या तालात कोणता स्विच साथ देतो, हा खरा प्रश्न.

चेरीच्या स्विचमध्ये कळ साधारण ४ मिलिमीटर खाली जाते आणि निम्म्या वाटेतच अक्षर उमटतं. लाल स्विचला सुमारे ४५ सेंटिन्यूटन जोर लागतो, तपकिरीला ५५, निळ्याला ६०. एक सेंटिन्यूटन म्हणजे साधारण एक ग्रॅमचा भार. लाल सरळ खाली जातो, तपकिरीत मधे छोटा उंचवटा लागतो, निळ्यात उंचवट्यासोबत ‘टिक’ही येतो.

लालची स्तुती सगळे करतात. मला तो मराठीसाठी धोक्याचा वाटतो. हलन्त डाव्या मधल्या बोटाखाली, ‘डी’च्या कळेवर आहे आणि ‘म’ लगेच त्याच्या खाली. ‘म’कडे जाताना बोट जरा रेंगाळलं की ‘कमळ’चं ‘क्मळ’ होतं. इंग्रजीत चुकून पडलेला ‘डी’ लगेच डोळ्यात खुपतो. हलन्त मात्र दोन अक्षरं जोडून स्वतः नाहीसा होतो. भराभर टाइप करताना असली चूक दिसतच नाही.

निळ्यावरचा नेहमीचा आरोप असा, की तीच कळ लागोपाठ दाबायची तर तिला आधी बरंच वर येऊ द्यावं लागतं. इंग्रजीतल्या जोडअक्षरांना ते जाचतं. पण आपल्या ‘ल्ल’ आणि ‘क्क’मध्ये हलन्त असतो. डावा हात तो दाबेपर्यंत उजवी कळ वर आलेली असते. ‘ममता’, ‘ननंद’ असे शब्द सोडले तर हा आरोप मराठीत फारसा टिकत नाही. शिवाय हा आवाज आपल्याला परका नाही. टीव्हीएस गोल्ड या देशी कीबोर्डात बरीच वर्षं चेरीचे निळे स्विच होते, आणि त्याआधी १९५५पासून गोदरेजचे टाइपरायटर होतेच. पण एका खोलीच्या घरात रात्री सगळे झोपलेले असताना निळा स्विच चालत नाही. तिथे माझं मत तपकिरीला. उंचवटा बोटाला कळतो, शेजारच्याला ऐकू येत नाही.

हा नुसता शौक नाही. लिपिक-टंकलेखक व्हायचं तर मराठी टायपिंगचं मिनिटाला ३० शब्दांचं प्रमाणपत्र लागतं. गडचिरोलीतल्या कितीतरी मुलामुलींसाठी ते जिल्ह्यातल्याच सरकारी नोकरीचं दार आहे. सराव मात्र साध्या रबरी कीबोर्डवर होतो. त्यात रबराची टोपी पूर्ण दबली तरच अक्षर उमटतं, म्हणून बोट दर वेळी तळाला आपटतं. तासाभरात सांधे बोलू लागतात.

रेमिंग्टन मांडणीवर शिकणाऱ्यांनी हा निकाल जसाच्या तसा घेऊ नये. तिथे अर्ध्या अक्षरांची सोय वेगळी आहे आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दाबावी लागते.

आणि परीक्षा देणाऱ्यांसाठी एक गोष्ट, जी कुठलंच परीक्षण सांगत नाही. केंद्रावर कीबोर्ड तुमचा नसतो. लालवर हलका झालेला हात तिथल्या रबरी कळांवर अर्धवट पडतो आणि अक्षरं गळतात. म्हणून घरी तपकिरी जरूर वापरा, पण शेवटचा महिना साध्या कीबोर्डवरच काढा.