बाजार वाढला, शॉप फ्लोअरवर काय झालं?

मंडळी, मागच्या वेळी आपण ईआरपीपाशी थांबलो होतो. आज त्याच्या खालच्या मजल्यावर उतरू. कुठल्या मशीनवर आत्ता कोणतं काम चालू आहे, किती नग झाले, किती रिजेक्ट गेले, हे सांभाळणारं सॉफ्टवेअर म्हणजे एमईएस. हे नाव १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला रुळलं आणि १९९२ मध्ये या क्षेत्राची मेसा ही संघटना उभी राहिली. म्हणजे वस्तू काही नवी नाही.

आपल्यापुढे येतात ते या बाजाराच्या वाढीचे अहवाल. आम्ही असे बरेच वाचले आणि आमची पहिली तक्रार त्यांच्या आकड्यांबद्दलच आहे. दरसाल १० टक्के वाढ म्हटलं की पाच वर्षांत बाजार १.६१ पट होतो. गणित बरोबर आहे. पण १.६१ पट कशाच्या? कोणी फक्त लायसन्स मोजतो, कोणी बसवणुकीची फी आणि सल्लागारांची बिलंही त्यातच धरतो. मग खरेदी-विक्रीच्या बातम्या येतात. सीमेन्सने २०१४ मध्ये कॅमस्टार घेतली, रॉकवेलने २०२१ मध्ये प्लेक्स २.२२ अब्ज डॉलरना घेतली. आता बघा, मालक बदलला म्हणून त्या दिवशी एकाही कारखान्यात एकही नवा स्क्रीन लागला नाही. अहवालात मात्र ही बाजाराच्या जोमाची खूण ठरते!

खरी गोष्ट शॉप फ्लोअरवर आहे, तिथे जरा थांबू. या सॉफ्टवेअरचा लाडका आकडा म्हणजे ओईई. उपलब्धता, वेग आणि गुणवत्ता यांचा हा गुणाकार. समजा, जेवणाची सुट्टी वजा जाता शिफ्ट ४५० मिनिटांची आहे आणि डाय बदलायला ४५ मिनिटं गेली. उपलब्धता झाली ९० टक्के. वेग ९५ आणि गुणवत्ता ९९ धरली, तर ओईई येतो ८४.६. आता तीच ४५ मिनिटं 'नियोजित थांबा' या खात्यात टाका. उपलब्धता १००, ओईई एकदम ९४! एक नगसुद्धा जास्त निघालेला नाही. सॉफ्टवेअरने खोटं सांगितलं का? नाही, आपण जे भरलं तेच त्याने दाखवलं.

भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये आम्ही हे जवळून पाहिलं. मशीन थांबलं की ऑपरेटरने स्क्रीनवर कारण निवडायचं. यादी लांबलचक आणि इंग्रजीत, हाताला तेल लागलेलं. बहुतेक वेळा बोट जायचं 'अदर'वर. महिन्याअखेरीच्या मीटिंगमध्ये सगळ्यात मोठा खांब 'अदर'चा, आणि बोलणी खायची ऑपरेटरने. माल उशिरा आला होता, टूल मिळालं नव्हतं, हे सुपरवायझरच्या वहीत पेन्सिलीने लिहिलेलं होतं. ती वही कोणी उघडली नाही.

हे सॉफ्टवेअर नकोच, असं आम्ही म्हणत नाही. औषधांच्या कारखान्यात बॅचची नोंद कोणी, कधी बदलली हे दाखवावंच लागतं. अमेरिकेचा इलेक्ट्रॉनिक नोंदींचा नियम १९९७ पासून आहे. तिथे एमईएसची किंमत वसूल होते. वीस माणसांच्या वर्कशॉपला मात्र विक्रेत्याने आधी एवढंच सांगावं, की कारणांची यादी कोण बनवणार, मराठीत असणार का, आणि 'अदर' वाढलं तर जाब कोणाला विचारणार. आम्ही वाचलेल्या एकाही अहवालात या प्रश्नांसाठी रकाना नव्हता.