पाळत कोणाची : सरकारची की कंपन्यांची?

पाळत म्हटले की आपल्याला सरकारचे गुप्तहेर खाते आठवते. शोशाना झुबॉफ यांचे 'द एज ऑफ सर्व्हेलन्स कॅपिटॅलिझम' हे २०१९ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक या समजुतीला धक्का देते. हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये प्राध्यापक राहिलेल्या झुबॉफ यांनी संगणकामुळे कामाचे स्वरूप कसे बदलते यावर १९८८ मध्येच पुस्तक लिहिले होते.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. आपण गूगलवर काही शोधतो तेव्हा शोधलेल्या शब्दांखेरीज बरीच माहिती मागे उरते : केव्हा शोधले, कशावर क्लिक केले, कोठून शोधले. प्रारंभी ही माहिती शोध सुधारण्यासाठी वापरली जाई. २००० साली इंटरनेट कंपन्यांचे शेअर कोसळले, गुंतवणूकदार नफा मागू लागले आणि हीच माहिती जाहिरातींच्या कामी आली. गुऱ्हाळात रस काढून उरलेली चिपाडे जळणाला वापरतात. येथे मात्र चिपाडेच रसापेक्षा महाग ठरली! ही प्रक्रिया लेखिकेने फार स्पष्ट करून सांगितली आहे आणि तेवढ्यासाठी तरी पुस्तक वाचावे.

परंतु विज्ञानाच्या विद्यार्थ्याला दोन ठिकाणी अडखळायला होते.

पहिले ठिकाण पुराव्याचे. फेसबुकने जानेवारी २०१२ मध्ये ६,८९,००३ लोकांवर केलेल्या प्रयोगात काहींच्या पानावरील आनंदी किंवा दुःखी मजकूर आठवडाभर कमी केला. प्रयोगासाठी त्यांची वेगळी संमती घेतली नव्हती, आणि हे निःसंशय गैर होते. पण परिणाम किती झाला? आनंदी मजकूर कमी केल्यावर लोकांच्या लिखाणातील आनंदी शब्द ०.१ टक्क्याने घटले, म्हणजे हजार शब्दांमागे एक. यावरून कंपनी एखाद्या माणसाला कळसूत्री बाहुलीसारखे नाचवते असे सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते वेगळेच. २०१० च्या अमेरिकी निवडणुकीत फेसबुकने सुमारे ६ कोटी १० लाख लोकांवर मतदानाच्या आवाहनाचा प्रयोग केला. त्यामुळे सुमारे ३ लाख ४० हजार मते वाढली असा संशोधकांचा अंदाज आहे. दर माणशी परिणाम नगण्य, पण त्याला कोटींनी गुणले की तो नगण्य राहत नाही. व्यक्ती आणि समूह यांतील हा फरक पुस्तकात पुरेसा ठसत नाही.

दुसरे ठिकाण विभागणीचे. सत्तेचा हा प्रकार राज्यसत्तेहून वेगळा आहे यावर लेखिकेचा भर आहे. २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकी सरकार आणि कंपन्या जवळ आल्या हे त्या सांगतात, पण या धाग्याला हवे तेवढे वजन देत नाहीत. जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलेल्या कागदपत्रांत गुप्तचर यंत्रणेला माहिती मिळत असलेल्या ९ कंपन्यांची नावे होती. पुढे २०१८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने मोबाइलच्या ठावठिकाण्याच्या दीर्घ नोंदी मिळवण्यासाठी पोलिसांना वॉरंट आवश्यक ठरवले. परंतु बाजारात विकत मिळणारी माहिती सरकारी यंत्रणा घेतात, हे जून २०२३ मध्ये खुल्या झालेल्या त्यांच्याच अहवालात मान्य केले आहे. टाकी कंपनीची असली तरी तोटी सरकारही उघडू शकते. तेव्हा 'दोघांपैकी कोण वाईट?' हा प्रश्नच चुकीचा मांडला जातो. सरकार तुरुंगात टाकू शकते, कंपनी टाकू शकत नाही. मात्र सरकार मतांनी बदलता येते, त्याच्याकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो. खासगी कंपनीकडे तसा अर्ज चालत नाही.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि त्याला धोका सरकारइतकाच इतरांकडूनही असतो हेही नोंदवले. २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात मात्र सरकारी यंत्रणांना सूट देण्याची तरतूद आहे. त्याच कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. विद्यार्थ्यांना एखादे ॲप घ्यायला सांगण्यापूर्वी ते कोणकोणत्या परवानग्या मागते याची यादी वर्गात फळ्यावर लिहावी. गणिताच्या सरावाला मुलांचा ठावठिकाणा कशाला हवा, हा प्रश्न विद्यार्थीच विचारतील.